नाखविणीची नखं

शनिवार, ६ जुलै १९५७

मामंजींच्या पायाखालच्या चटईवर आज रक्ताचा डाग दिसला. मी पुढची पडवी झाडत होते. आधी वाटलं, पानाचं थुंकलं असेल. पण डाग हाताला चिकट लागला. पाहते तर त्यांच्या उजव्या घोट्याखाली बोटभर चीर पडलेली, आणि त्यांना पत्ताच नाही.

"माका काय लागूक नाय गो," म्हणाले. "दुखूकसुद्दा नाय."

आणि त्याच पायावर नाखवीण पिसं फुलवून बसलेली.

नाखवीण ही मामंजींची तांबडी कोंबडी. पिल्लू असताना ती घारीच्या तावडीतून सुटली. तेव्हापासून एका पायाने लंगडते, बाकीच्या कोंबड्यांमागे धावत नाही, दिवसभर मामंजींच्या पायांवर बसते. मामंजी चाळीस वर्षं शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. ते म्हणतात, "मचव्यार तांडेल कितीय मोठो आसांदे, मालक नाखवोच. ह्या पडवेची मालकीण ही." म्हणून नाखवीण.

मी रक्त पुसलं आणि तिचा पाय उचलून पाहिला. नखं केवढी तरी वाढलेली, आत वळलेली, गळासारखी. माहेरी, कसालला, आमच्याकडे सात-आठ कोंबड्या होत्या, पण असली नखं मी कुठल्या कोंबडीची पाहिली नाहीत. का बरं वाढली असतील?

अक्कांना म्हणजे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चीर पाहिली, हळद दाबली, आणि आत गेल्या. लग्न होऊन अडीच महिने झाले, पण अक्का माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हे मुंबईला गोदीत. घरात आम्ही तिघंच.

बुधवार, १० जुलै

चीर भरली नाही. भोवती सूज आली. मालवणहून डॉक्टर आले. मामंजींना गोड लघवीचा आजार आहे, हे मला आजच कळलं. डॉक्टरांनी सुई काढून त्यांच्या तळव्याला टोचली. मामंजी आढ्याकडे बघत होते. दोनदा टोचून झाल्यावर विचारतात, "टोचतलास कदी?"

डॉक्टर मला म्हणाले, "दुखणं हा अंगाचा राखणदार असतो. यांच्या पायांचा राखणदार निघून गेलाय. आता राखण तुम्ही करायची." मग अक्कांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "जखम काळी पडली तर मिरजेला न्यावं लागेल. पाय वाचेलच असं मी सांगू शकत नाही. आणि ती कोंबडी आजपासून लांब."

डॉक्टर गेल्यावर अक्का मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लांब कित्याक? येत्या आयतवारी वाटपात घालतंय तेका."

म्हणजे रविवारी तिचा रस्सा. नाखवीण मागच्या पडवीत डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली गेली.

शुक्रवार, १२ जुलै

मामंजींनी काल रात्री जेवण टाकलं, आज सकाळची पेजही टाकली. मी वाटी पुढे केली तर म्हणाले, "ती थंय व्हर. तेका घाल." म्हणजे नाखविणीला. डॉक्टर म्हणालेत की त्यांनी वेळेवर खाल्लंच पाहिजे. नाखवीणही डालग्याखाली काही टिपत नाही. दोघांचा एकच हट्ट.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीय. दोष कोंबडीचा नाही, नखांचा आहे. नखं कापली तर? माणसं कापतात, बैलाचे खूर तासतात, मग कोंबडीची नखं का कापू नयेत? पण कापलेली कोणी पाहिलीत? मी तरी नाही.

रविवार, १४ जुलै

अक्कांनी रश्शाच्या वाटणासाठी नारळ फोडला, वास घेतला, म्हणाल्या, "कुसको निघालो. वाटप कसला करतलंय? आज रवांदे."

नाखविणीचं नशीब. दुपारी त्याच नारळाची सोलकढी झाली, ती छान लागली. अर्धा बरा असेल.

अक्का जरा आडव्या झाल्या तेव्हा मी शेजारच्या सुभद्राकाकींच्या अंगणात जाऊन त्यांच्या कोंबड्यांचे पाय पाहिले. काकी हसल्या, पण एक धरून दिली. नखं आखूड आणि टोकाला बोथट. हीच वाळू, हाच पाऊस. मग फरक कशाचा? त्या दिवसभर उकरतात. आमची नाखवीण गोधडीवर बसते. उकरलं नाही की नख झिजत नाही, झिजलं नाही की वाढतच जातं. एवढीच गोष्ट, पण कळल्यावर मला फार बरं वाटलं.

मंगळवार, १६ जुलै

आज लिहायला लाज वाटते.

अक्का परसात होत्या असं समजून मी डालगं उचललं, नाखविणीला काखेत धरलं आणि मामंजींच्या अडकित्त्याने एक नख धरून दाबलं. ते कापलं गेलं नाही, चिरलं. तिने असा हिसका दिला की माझ्या मनगटावर दोन ओरखडे उठले, आणि तिच्या बोटातून रक्त ठिबकायला लागलं. मी पदराने पुसत होते, ते अजून येत होतं. नखात रक्त असतं? आपल्या वाढलेल्या नखात तर नसतं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला. कुंपणापलीकडे सांगत होत्या, "सुभद्रा गो, रगात रवना नसला तर पुसूचा नाय. तांदळाचा पीठ घट दाबून धरूचा. घट."

मी धावत जाऊन जात्याजवळचं पीठ आणलं आणि दाबून धरलं. जरा वेळाने रक्त थांबलं. देवच पावला म्हणायचा, की अक्कांना नेमकं तेव्हाच ते सांगावंसं वाटलं. सुभद्राकाकींना काय लागलं होतं म्हणून संध्याकाळी विचारायला गेले, तर त्या सकाळपासून आचऱ्याच्या बाजाराला गेलेल्या.

बुधवार, १७ जुलै

मामंजींची दाढी करायला गंगाराम आला. त्याच्या धोकटीत नखं काढायची नराणी असते, चपट्या धारेची. मी त्याला मागच्या दारी गाठून विचारलं. तो डालग्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिला.

"वयनी, ही धोकटी माज्या आज्याची," म्हणाला. "न्हवऱ्याची नखां काडतंय मी हेनी. कोंबडेच्या पायाक लावलंय तर माज्यासमोर बसतलो कोण?"

रागावला नव्हता, पण नाही म्हणजे नाही.

आज बुधवार, म्हणजे कोंबडी-मासे खाण्याचा वार. अक्का मात्र सकाळी म्हणाल्या, "लाकडा सगळी भिजली. जून कोंबडी शिजाक दोन भारे लागतले." सुकी लाकडं माळ्यावर आहेत, हे त्या विसरल्या असाव्यात. मी आठवण केली नाही.

शनिवार, २० जुलै

जखमेची एक कड काळी पडली. मामंजींना ताप आहे, आठवडाभर नुसत्या पेजेच्या पाण्यावर आहेत. डॉक्टर सकाळी आले, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि काळं मांस कात्रीने कापून काढलं. मामंजी त्यांना मंगळूरच्या वाटेवरचे वारे समजावून सांगत होते. मी तोंड फिरवलं. अक्कांनी नाही फिरवलं. त्यांनी मामंजींचा पाय दोन्ही हातांत धरून ठेवला होता, आणि मामंजींना पाय धरलाय हेही कळत नव्हतं.

कंपाउंडर रोज सुई द्यायला येणार. डॉक्टर जाताना पुन्हा म्हणाले, "खाणं सोडू देऊ नका."

संध्याकाळी अक्कांनी स्वतः वाटी नेली. मी दाराआड होते.

"खावा."

"माका नको."

"ती जिती आसा. खावा."

मामंजींनी चार घास खाल्ले.

रविवार, २१ जुलै

देवाच्या खोलीतल्या कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्याखाली, मला एक नराणी सापडली. अगदी नवी, तेल लावलेली. गंगाराम त्या दिवशी विसरला असणार. पण तो तर देवाच्या खोलीत जात नाही. शिवाय त्याची जुनी आहे. कोणाची का असेना, मी ती पदराखाली घेतली. परत ठेवीनच.

आज रविवार असूनही अक्का कोंबडीचं काही बोलल्या नाहीत. तापाच्या घाईत विसरल्या.

मंगळवार, २३ जुलै

हत्यार आहे, पण कुठवर कापायचं ते कळत नाही. त्या दिवशी रक्त आलं त्याअर्थी नखात आत जिवंत भाग असणार. तो बाहेरून दिसेल का? मी माझं बोट खिडकीशी धरून पाहिलं. नखाखाली गुलाबी, पुढे पांढरं. गुलाबी संपतं तिथवर आपण जिवंत. कोंबडीचंही तसंच असेल तर उजेडात दिसायला हवं. पण उजेडच नाही. चार दिवस कोंदलंय, समोरची खाडीसुद्धा दिसत नाही.

अमावास्या शुक्रवारी. श्रावण लागायच्या आधी सगळी वाडी कोंबडी करते. म्हणजे माझ्याकडे दोनच दिवस.

मामंजींचा ताप उतरला. त्यांना सगळं सांगितलं, अडकित्त्याचंसुद्धा. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "धरल्यान कोणी?"

"मीच. काखेत."

"एका हातान सुकाणू नि एका हातान शीड? तशी बोट बुडता. उघाड पडली काय तेका हंय घेवन ये. मी धरतंय."

बुधवार, २४ जुलै

उघाड पडली.

जेवणं झाल्यावर अक्का म्हणाल्या, "मी सुभद्रेकडे बसाक जातंय. काळोख पडापर्यंत येणंय नाय." त्या कधी कोणाकडे बसायला जात नाहीत. आजच गेल्या, बरं झालं.

मामंजींचे दोन्ही पाय मी जाड गोधडीने गुंडाळले, पाटावर ठेवले. नाखविणीची बोटं कोमट पाण्यात भिजवली, वाळलेली घाण निघाली आणि नखं जरा नरम झाली. मामंजींनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिला गुंडाळलं. पंख आत, फक्त पाय बाहेर. छातीवर मात्र कापड सैल ठेवायला लावलं. "कोंबडी छातयेन श्वास घेता. आवळलंस तर मरात," म्हणाले. मग कापडाचं टोक तिच्या डोळ्यांवर ओढलं. "काळोख झालो काय तेका रात वाटता."

खरंच, ती गप्प झाली. एवढी धडपडणारी कोंबडी, डोळे झाकल्याबरोबर भाकरीच्या पिठासारखी सैल. मामंजींचे हात एरवी कापतात. तिला धरल्यावर कापत नव्हते.

मी तिचं एक बोट धरून उन्हात नेलं. आणि दिसलं. पिवळट नखाच्या आत लालसर दोरा, अर्ध्यावर येऊन थांबलेला. त्याच्या पुढचं सगळं निर्जीव, माडाच्या झावळीच्या वाळक्या हिरासारखं. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. मामंजी म्हणाले, "काय गो, सोना गावला?"

दोऱ्याच्या बरंच अलीकडे थांबून, म्हणजे टोकाच्या बाजूलाच, नराणी लावली. एकदम तुकडा पाडायचा नाही, कापटं काढत जायचं. टक्. ती हललीसुद्धा नाही. दुसरं. तिसरं. गेल्या आठवड्यात चिरलेलं नख तसंच ठेवलं, ते भरून यायचंय. मागचं एक नख काळं निघालं, त्यातलं उन्हातही काही दिसेना. तिथे मी अगदी तांदळाएवढं कापत गेले आणि दर वेळी कापलेल्या तोंडाकडे पाहिलं. कोरडं पांढुरकं होतं तोवर पुढे. मधे ओलसर काळा ठिपका दिसला तिथे थांबले. रक्त नाही. पीठ वाटीत तसंच राहिलं.

शेवटी सहाणेच्या दगडावर टोकं घासली आणि माझ्याच गालावर फिरवून पाहिली. ओरखडा उठला नाही.

मामंजींनी कापड सोडलं. नाखविणीने मान झटकली, आम्हा दोघांकडे एकेका डोळ्याने पाहिलं, आणि गोधडीवर चढून बसली. मामंजींनी स्वतःहून पेज मागितली. वाटी रिकामी केली आणि वर विचारलं, "आमटी आसा काय?"

अक्का काळोख पडल्यावर आल्या. पडवीत कोंबडी बघून थांबल्या. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी तिचा पाय उचलला, नखांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाल्या, "गोधडी जाड घाल. ही पातळ आसा."

शुक्रवार, २६ जुलै

अमावास्या. सगळ्या वाडीत वड्यांचा आणि कोंबडीच्या रश्शाचा वास. आमच्याकडे मुळ्याची भाजी. मी धीर करून विचारलं, "अक्का, आज करायची नाही का?"

"अवसेक घरातलो जीव मारूचो नाय."

"बाकीचे तर..."

"बाकीचे मारांदेत."

"आणि उद्यापासून श्रावण."

"मगे शरावण सरांदे," म्हणाल्या आणि मुळा चिरत राहिल्या. अक्कांचं सोवळंओवळं फार कडक आहे. मला अजून सगळे नियम माहीत नाहीत.

रविवार, ११ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. जखम कडेने भरत आलीय. मिरजेचं नाव आता डॉक्टर घेत नाहीत. त्यांनी कोंबडी पुन्हा पडवीत पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी तिची नखं दाखवली. त्यांनी चष्मा काढून पाहिली, म्हणाले, "ठीक. पण उघड्या पायावर नाही. आणि रोज संध्याकाळी यांचे तळवे तुम्ही स्वतः बघायचे."

तळवे आता अक्का बघतात. दिवा जवळ घेऊन, बोटांच्या बेचक्यांत, जणू काही हरवलंय.

मला वाटायचं, एकदा कापलं की झालं. पण नखं पुन्हा वाढतात, आणि दर महिन्याला ही झोंबाझोंबी कोण करणार? म्हणून अंगणात पडलेले दोन जांभे चिरे आडवे ठेवले आणि त्यांवर तांदळाच्या कण्या आणि थोडी माती टाकली. पहिले दोन दिवस नाखवीण नुसती बघायची. तिसऱ्या दिवशी लंगडत उतरली आणि उकरायला लागली. चिऱ्यावर नखांचा खरखर आवाज येतो. मामंजी तो डोळे मिटून ऐकतात.

कण्या रोज सकाळी आधीच टाकलेल्या असतात. मामंजी टाकत असतील, पण त्यांना अजून पायऱ्या उतरायला मनाई आहे. विचारलं पाहिजे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

हे गणपतीला आलेत, उद्या परत जायचे. काल म्हणाले, "आये, जावच्या आदी कोंबडी-वडे कर." माझा हात पिठात तसाच राहिला. श्रावण सरलेला, गौरी गेलेल्या, आता कुठलंच कारण उरलं नव्हतं.

अक्का उठल्या, सुभद्राकाकींकडे गेल्या आणि एक कोंबडा विकत घेऊन आल्या. चांगले तीन रुपये मोजून. घरात कोंबडी असताना. हे हसायला लागले. "आये, ती लंगडी कोणासाठी ठेवलंस?"

"तिचा मास चिवट," अक्का म्हणाल्या.

ह्यांना नराणीची गोष्ट सांगितली. तर म्हणाले की ते यायच्या दिवशी बंदरावर गंगाराम भेटला होता. त्याने विचारलं, तुमच्या आयेने मालवणातून मुद्दाम मागवून घेतली ती नराणी बरी निघाली काय?

म्हणजे नराणी अक्कांची. आणि मी दीड महिना ती न विचारता वापरतेय, तीही कोंबडीच्या पायाला. त्यांनी स्वतःसाठी आणवली असणार, आणि मी उचलली म्हणून बिचाऱ्या गप्प राहिल्या.

शनिवार, ७ सप्टेंबर

हे काल गेले. घर पुन्हा तिघांचं.

आज दुपारी मी पहिल्यांदाच अक्कांच्या पायांकडे नीट पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या, पाय पुढे पसरलेले. अंगठ्यांची नखं जाड, पिवळी, शिंपल्यासारखी थरांची. करंगळ्यांची आत वळलेली. त्यांना कमरेतून वाकता येत नाही, हे मला ठाऊक होतं. केर मी काढते, चूल मी सारवते. मग पायापर्यंत त्यांचा हात कसा पोचत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

मी नराणी उकळत्या पाण्याने धुतली, कोमट पाण्याची परात आणली आणि त्यांच्यासमोर बसले.

"ह्या काय?"

"नराणी तुमची होती, अक्का. मला माहीत नव्हतं. तुमचंच काम राहिलं."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवलं, लुगडं घोट्यावर घेतलं आणि एक पाय परातीत सोडला.

बराच वेळ भिजवावं लागलं. कोंबडीपेक्षा कठीण काम. मी उन्हाकडे धरून जिवंत भाग बघायचे, कापटं काढायचे, पुन्हा बघायचे. एकदा विचारलं, "दुखतं का?"

"दुकला तर सांगान. माजो राखणदार आसा हंय."

दहाही बोटं झाली. सहाणेवर घासता येईना, म्हणून वहाणेच्या तळाने टोकं गुळगुळीत केली, खोबरेल लावलं. पाय माझ्या मांडीवर होता. झालं, असं सांगायला वर पाहिलं तर अक्कांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते. पाय काढून घेतला नव्हता.

मी पहिल्या अंगठ्यापासून पुन्हा तेल चोळायला लागले.